फुकटचे गणित आणि सोबतीचा प्रश्न

ज्ञानाची कवाडे आता सर्वांना सताड उघडली आहेत, असा डांगोरा गेली दहा-बारा वर्षे जगभर पिटला जात आहे. आजवर मोजक्या महाविद्यालयांच्या आणि महागड्या शिकवणी वर्गांच्या चार भिंतींत कोंडलेले गणित घरबसल्या, हातातल्या मोबाईलवर आणि तेही एक छदाम न देता शिकता येते. तेव्हा शिक्षणातील विषमतेचा प्रश्न आता निकालात निघाला, असे सांगणाऱ्यांची संख्या थोडी नाही. या म्हणण्यात तथ्याचा अंशही नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. इचलकरंजीच्या यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या कामगाराच्या मुलीला देशातील नामांकित संस्थेच्या अध्यापकाचे कलनशास्त्रावरील व्याख्यान हवे तेव्हा आणि हवे तितक्यांदा ऐकता यावे, ही गोष्ट लहान नाही. पुरोगामी चळवळीने तिची हेटाळणी करण्याचे कारण नाही. परंतु व्याख्यान कानावर पडणे आणि गणित अंगी मुरणे यांत जे अंतर आहे ते कोण, कोणाच्या सोबतीने आणि कोणाच्या खर्चाने तोडतो, हा खरा प्रश्न आहे. आणि डांगोरा पिटणारे नेमके त्याविषयी मौन पाळतात.

२०११ च्या अखेरीस अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन अध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवरील आपला अभ्यासक्रम इंटरनेटवरून विनामूल्य खुला केला, तेव्हा सुमारे एक लाख साठ हजार लोकांनी नावे नोंदवली. शेवटपर्यंत पोहोचले ते वीस-तेवीस हजार. तरीही पहिल्याच आकड्याचा गाजावाजा झाला आणि २०१२ च्या एका वर्षात कोर्सेरा, युडॅसिटी आणि एडएक्स या तीन मोठ्या संस्था उभ्या राहिल्या. त्यांतील पहिल्या दोन नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्या होत्या, हे ध्यानात ठेवणे बरे. नोंदणीचा आकडा हा या धंद्याचा नगारा आहे. ज्याने कधी संघटनेचे काम केले आहे त्याला मात्र हे समजावून सांगावे लागू नये, की मैदानावरून जाणारा प्रत्येक वाटसरू सभेला आलेला नसतो आणि सभेला आलेला प्रत्येक श्रोता सभासद झालेला नसतो. नाव नोंदवणे एका बोटाचे काम आहे. सहभाग ही निराळीच वस्तू आहे. ती घडवावी लागते.

ती घडवली नाही म्हणजे काय होते, याचा रोखठोक पुरावा २०१३ साली कॅलिफोर्नियात मिळाला. सान होजे स्टेट हे तेथील सरकारी विद्यापीठ. सामान्य घरांतली, नोकरी करून शिकणारी मुले येथे मोठ्या संख्येने येतात. त्या वर्षीच्या जानेवारीत विद्यापीठाने युडॅसिटीशी करार केला आणि राज्याचे गव्हर्नर जेरी ब्राऊन यांच्या उपस्थितीत मोठ्या थाटाने त्याची घोषणा झाली. तीन विषय निवडले होते आणि तिन्ही गणिताच्या घराण्यातले : प्राथमिक बीजगणिताचा उजळणी वर्ग, महाविद्यालयीन बीजगणित आणि संख्याशास्त्राचा पहिला पाठ. व्याख्याने फुकट पाहायला मिळत. ज्याला विद्यापीठाचे श्रेयांक हवेत त्याने दीडशे डॉलर भरावयाचे. नेहमीच्या शुल्काच्या मानाने ही रक्कम फारच थोडी होती. शिक्षण स्वस्तही झाले आणि सर्वदूरही पोहोचले, असे वातावरण निर्माण झाले. सहा महिन्यांत निकाल लागला. बीजगणिताच्या दोन्ही वर्गांत उत्तीर्ण झालेल्यांचे प्रमाण चौथ्या हिश्श्याच्या आसपास होते. विद्यापीठाच्या नेहमीच्या वर्गांतील निकाल याच्या कितीतरी पुढे असे. जुलैमध्ये हा प्रयोग थांबवल्याचे जाहीर करावे लागले.

येथे न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की उजळणी वर्गातील मुले आधीच त्या विषयात नापास झालेली होती आणि काही विद्यार्थी तर शाळेतले होते, ज्यांच्या घरी धड संगणकही नव्हता. तथापि हा बचाव नव्हे, हा तर आरोपच आहे. ज्यांच्यासाठी ही योजना आहे असे सांगितले गेले, तीच ही मुले नव्हती काय? पुढे उन्हाळ्याच्या सत्रात निकाल बराच सुधारला आणि कंपनीने हायसे वाटल्याचे दाखवले. पण त्या खेपेस प्रवेश सर्वांना खुला होता आणि शिकणाऱ्यांत निम्म्याहून अधिक लोक आधीच पदवीधर होते! ज्याच्याजवळ आहे त्यालाच आणखी देणारी ही व्यवस्था होती. त्याच वर्षाच्या शेवटी कंपनीच्या संस्थापकांनी आपला माल सुमार दर्जाचा असल्याची जाहीर कबुली दिली, ही मुले आपल्या योजनेच्या सोयीची नव्हती असेही सांगून टाकले, आणि कंपनीचा मोहरा नोकरदारांच्या व्यवसाय-प्रशिक्षणाकडे वळवला. गरिबांच्या नावाने हाकारलेले गलबत शेवटी कोणत्या बंदराला लागले ते यावरून दिसते. त्याच विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागातील अध्यापकांनी त्याच वर्षी एका जाहीर पत्रात इशारा दिला होता, की यातून दोन प्रकारची विद्यापीठे तयार होतील. श्रीमंतांच्या मुलांपुढे हाडामांसाचा अध्यापक बसेल आणि उरलेल्यांच्या वाट्याला त्याचे चित्रीकरण येईल.

हे अपयश गणितातच इतके उघडे का पडावे? इतिहासाचे वा अर्थशास्त्राचे व्याख्यान ऐकून माणूस निदान काही माहिती घेऊन उठतो. गणितात माहिती फारशी नसतेच; तेथे असते ते ‘का’ या प्रश्नाला दिलेले उत्तर. दोन विषम संख्यांची बेरीज सम येते, हे तीन आणि पाच, सात आणि नऊ अशी उदाहरणे घेऊन कोणीही दाखवील, आणि यंत्राने विचारलेल्या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर देऊन गुणही मिळवील. परंतु शेजारी बसलेली एखादी मुलगी जेव्हा विचारते, ‘चार उदाहरणांवरून सगळ्या संख्यांविषयी कशावरून सांगतोस?’ तेव्हाच त्याच्या ध्यानात येते, की आपल्याला उत्तर माहीत होते, कारण माहीत नव्हते. मग तो अडखळत सांगतो, की प्रत्येक विषम संख्येत जोड्या लावल्यावर एक एकटा उरतो. दोन संख्यांतले दोन एकटे मिळून आणखी एक जोडी होते. त्या क्षणी तो गणित शिकलेला असतो. त्याच्या आधी नव्हे. व्याख्यानाला ‘कशावरून?’ असे विचारता येत नाही आणि व्याख्यानही ऐकणाऱ्याला ते विचारीत नाही.

स्टॅनफर्डचे गणितज्ञ कीथ डेव्हलिन यांनी २०१२ साली गणिती विचारपद्धतीची ओळख करून देणारा विनामूल्य अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा त्यांच्यासमोर हीच अडचण उभी राहिली. साठ हजारांहून अधिक नावे नोंदली गेली होती. सिद्धता तपासणे यंत्राला जमणारे नव्हते, आणि साठ हजारांच्या सिद्धता तपासायला माणसे आणायची कोठून? तेव्हा विद्यार्थ्यांनीच एकमेकांच्या सिद्धता तपासाव्यात अशी योजना त्यांनी केली आणि लहान लहान गट करून चर्चा करण्याचा आग्रह पहिल्यापासून धरला. दुसऱ्याची सिद्धता तपासता तपासता माणूस स्वतः शिकतो, हे खरेच आहे. पण ज्याला स्वतःला सिद्धता लिहिता येत नाही त्याने दुसऱ्याची चूक कशी ओळखावी? आणि गट करा असे सांगितल्याने गट होतात काय? ज्याच्या भोवती गणित शिकलेले मित्र आहेत त्याचा गट सूचना मिळण्याआधीच तयार असतो. ज्याच्या आळीत दहावीपलीकडे कोणी गेलेले नाही, त्याच्या बाबतीत ही सूचना हवेत विरते. डेव्हलिन यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. त्यांनी नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले. परंतु दुखण्यावर बोट ठेवणे हा उपचार नव्हे.

या संदर्भात इंटरनेटचा जन्मही झालेला नव्हता त्या काळातील एका संशोधनाकडे वळले पाहिजे, कारण या प्रश्नावर त्याइतका लख्ख प्रकाश क्वचितच कोणी टाकला असेल. १९७० च्या दशकाच्या मध्यास बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात युरी ट्राइसमन नावाचा एक तरुण संशोधक गणित विभागात काम करीत होता. पहिल्या वर्षाच्या कलनशास्त्रात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणात नापास होत. त्याच्या आधीच्या दशकात हा विषय पूर्ण करणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी साठ टक्क्यांना शेवटच्या दोन श्रेणींवर समाधान मानावे लागले होते. उलट चिनी वंशाचे विद्यार्थी चमकत. असे का, हे त्याने विद्यापीठातील अध्यापकांना विचारले. उत्तरे ठरलेलीच होती : या मुलांत जिद्द नाही, त्यांची शाळेतली तयारी कच्ची, घरी शिक्षणाचे वातावरण नाही, आणि गरिबी. अशीच उत्तरे या देशातही, फक्त जातींची नावे बदलून, महाविद्यालयांच्या अध्यापक-कक्षांत आजही ऐकायला मिळतात. सहानुभूतीच्या सुरात सांगितलेला हा पूर्वग्रहच असतो.

ट्राइसमन यांनी ही उत्तरे मुकाट्याने मान्य केली नाहीत. दोन्ही समाजांतील वीस-वीस विद्यार्थी निवडून त्यांनी त्यांच्या सोबत महिनोन्महिने काढले. ती मुले कोठे बसतात, कधी अभ्यास करतात, कोणाशी बोलतात ते पाहिले. चारही उत्तरे कोसळली. कृष्णवर्णीय मुले आपापल्या शाळेत पहिली आलेली होती. कित्येकांच्या आईबापांनी मुलगा विद्यापीठात जावा म्हणून सारे आयुष्य पणाला लावले होते. पूर्वपरीक्षेत ज्यांना उत्तम गुण होते अशीही मुले नापास होत होती. फरक निराळ्याच जागी सापडला. वीसांपैकी अठरा कृष्णवर्णीय विद्यार्थी एकटेच अभ्यास करीत. विद्यापीठाने सांगितले होते तितके, म्हणजे आठवड्याला सहा ते आठ तास ती नेमाने बसत. मित्र वेगळे आणि अभ्यास वेगळा, हा त्यांचा शिरस्ता होता. कारण या शिस्तीच्याच बळावर ती त्यांच्या वस्तीतून वर आलेली होती. चिनी मुले आठ-दहा तास एकटी बसत आणि नंतर संध्याकाळी जेवणाच्या निमित्ताने एकत्र जमून उत्तरे ताडून पाहत, एकमेकांचे इंग्रजी सुधारीत. एखादा थोरला भाऊ वा चुलतभाऊ येऊन त्यांची परीक्षा घेई. एखादे उदाहरण कोणालाच सुटले नाही, तर त्यांना कळे की उदाहरणच अवघड आहे. एकट्या बसलेल्या मुलाला तेच उदाहरण सुटले नाही, तर तो समजे की आपणच मठ्ठ आहोत. अभ्यासक्रम तोच, अध्यापकही तेच. फरक होता तो सोबतीत.

याहून महत्त्वाचा आहे तो यातून निघालेला उपाय. ट्राइसमन यांनी या मुलांसाठी उजळणी वर्ग काढला नाही. दुबळ्यांचा वर्ग म्हटला की स्वाभिमानी मुलगा त्याकडे फिरकत नाही, हे त्यांनी ओळखले होते. हुशार विद्यार्थ्यांचा मान म्हणून त्यांनी एक कार्यशाळा उभी केली. तेथे नेहमीच्या पाठापेक्षा अवघड उदाहरणे ठेवली जात, मुले गटागटाने ती सोडवीत, आणि मार्गदर्शक उत्तर न सांगता फेऱ्या घालीत राही. या कार्यशाळेतली कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाची मुले केवळ आपल्या बांधवांच्याच नव्हे, तर वर्गातल्या इतरांच्याही पुढे गेली. पुढे अमेरिकेतील कितीतरी विद्यापीठांनी हा मार्ग अनुसरला. चिनी मुलांना जे नात्यागोत्यातून आपसूक मिळत होते, ते इतरांसाठी जाणीवपूर्वक संघटित करता येते, हे येथे सिद्ध झाले. संघटित करता येते, या तीन शब्दांवर चळवळीच्या कार्यकर्त्याने थोडे थांबावे.

मात्र संघटित करायला माणूस लागतो, आणि माणसाच्या श्रमाला मोल असते. फुकट शिक्षणाच्या जाहिरातीत दडवला जातो तो हाच हिशेब. व्याख्यान एकदा चित्रित केले की त्याची दहा हजारावी प्रत जवळपास बिनखर्चाने निघते. म्हणून तर ते फुकट देणे परवडते. दहा मुलांमध्ये बसून त्यांचे अडखळणे ऐकणारा मार्गदर्शक असा छापून काढता येत नाही. शंभर गटांना एकच पुरवायचा म्हटला, तर तो मार्गदर्शकच राहत नाही.

ब्रिटनमधील मजूर पक्षाच्या सरकारने हे पन्नास वर्षांपूर्वी ओळखले होते. हॅरॉल्ड विल्सन यांनी १९६३ साली नभोवाणी-दूरचित्रवाणीवरून चालणाऱ्या विद्यापीठाची कल्पना मांडली. खाणकामगाराची मुलगी असलेल्या जेनी ली यांनी मंत्रिपदावरून ती नेटाने पुढे रेटली. १९६९ मध्ये मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारीत सुमारे चोवीस हजार विद्यार्थ्यांनिशी अध्यापन सुरू झाले. त्यांना प्रवेशासाठी कोणत्याही परीक्षेची अट नव्हती. पहिल्या वर्षीच्या चार पायाभूत अभ्यासक्रमांत गणित हा एक होता. बीबीसीवरून होणारी व्याख्याने लोकांच्या लक्षात राहिली, कारण ती दिसत होती. पण या विद्यापीठाचा कणा होता तो गावोगावच्या अभ्यासकेंद्रांचा, पगारी अंशकालीन मार्गदर्शकांचा, त्यांनी हाताने तपासून परत पाठवलेल्या उत्तरपत्रिकांचा आणि उन्हाळ्यात आठवडाभर चालणाऱ्या निवासी वर्गांचा. १९७० साली सत्तेवर आलेल्या हुजूर पक्षात ही संस्थाच मोडीत काढावी असे म्हणणारे वजनदार लोक होते. ती वाचली, आणि तीही मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री असताना. स्वस्तात पदवीधर मिळतात हा हिशेब त्यांना पटला असावा! ते विद्यापीठ फुकट नव्हते, तेथे शुल्क होते. पण चर्चेचा खर्च हा शिक्षणाचाच खर्च आहे, हे तत्त्व त्याने मान्य केले होते.

आता या देशाकडे पाहावे. आयआयटी आणि बंगळूरची विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ पासून ‘एनपीटेल’ या नावाने व्याख्यानांचा फार मोठा साठा उभा केला. २०१७ मध्ये केंद्र सरकारने ‘स्वयम्’ ही योजना सुरू केली. तेथे गणिताचे अनेक अभ्यासक्रम आहेत. नोंदणी विनामूल्य, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र शुल्क. कागदावरची रचना चांगली आहे : व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वतःची चाचणी आणि शंकानिरसनासह चर्चा असे चार भाग. एनपीटेलने महाविद्यालयांत स्थानिक केंद्रे आणि विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक नेमण्याची पद्धतही पाडली आहे, आणि जेथे एखादा तळमळीचा अध्यापक हे काम अंगावर घेतो तेथे मुलांना त्याचा लाभ होतो, हे नाकारता येणार नाही. परंतु हे काम बहुधा त्या अध्यापकाच्या चांगुलपणावर सोडलेले असते. जे चार भागांपैकी सर्वांत श्रमाचे, तेच सर्वांत बेवारशी.

आणि याच वेळी दुसरीकडे काय चालले आहे? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमांनी विद्यार्थ्याला ‘स्वयम्’वरून घेता येणाऱ्या अभ्यासक्रमांची मर्यादा एका सत्रात वीस टक्के ठेवली होती, २०२१ मध्ये ती चाळीस टक्के केली. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवल्या जातात, तासिका तत्त्वावर राबणारे अध्यापक तुटपुंज्या मानधनाची महिनोन्महिने वाट पाहतात. अशा वेळी या चाळीस टक्क्यांचा अर्थ कोणाच्या ध्यानात येणार नाही? गणिताचा अध्यापक नेमायचा नसेल तर व्याख्यानाचा दुवा मुलांना पाठवून द्यावा, इतकी सोय झाली. यात दोष व्याख्यानाचा नाही. जे पूरक म्हणून दिले ते पर्याय म्हणून वापरले जाते, हा दोष आहे. आणि याचा फटका बसतो तो तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाला. पुण्या-मुंबईच्या नामवंत संस्थांत अध्यापकही असतो आणि व्याख्यानही.

जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना सरकारच्या शिक्षणनीतीवर जो घाव घातला, तो येथे आठवणे अप्रस्तुत ठरणार नाही. वरच्या वर्गांना शिकवले म्हणजे ज्ञान हळूहळू खाली झिरपेल, या सिद्धांताचा फोलपणा त्यांनी दाखवून दिला होता. रयतेच्या कराचा पैसा वरच्यांच्या शिक्षणावर खर्च होतो, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. आजचा नवा सिद्धांत म्हणतो, की ज्ञान सर्वांवर सारखेच बरसते. पाऊस सारखा पडला तरी पाणी कोणाच्या शेतात साठते? ज्याचे बांध घातलेले आहेत त्याच्या.

तेव्हा बांध घालण्याचे काम कोणाचे, हा प्रश्न उरतो. सरकारचे, यात संशय नाही. आणि प्रत्येक स्थानिक केंद्रामागे पगारी मार्गदर्शक नेमला पाहिजे, ही मागणी विद्यार्थी व अध्यापक संघटनांनी लावून धरली पाहिजे. परंतु मागणी मान्य होईपर्यंत आळीतील मुलांनी एकटेच बसून स्वतःला मठ्ठ समजत राहावे काय? रात्रशाळा चालवणे, अभ्यासमंडळे भरवणे हे या राज्यातील परिवर्तनाच्या चळवळीला नवे नाही. खुद्द जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. ‘आम्हाला गणित कोठे येते?’ असे म्हणणाऱ्या कार्यकर्त्याला ट्राइसमन यांच्या कार्यशाळेने उत्तर दिलेलेच आहे : व्याख्यान देणारा आयता उपलब्ध आहे, हवा आहे तो बैठक बोलावणारा, गप्प बसलेल्याला बोलते करणारा आणि फार बोलणाऱ्याला आवरणारा. हे काम कार्यकर्त्याला येत नसेल तर मग काय येते? सिद्धता अडली तर जवळच्या महाविद्यालयातील एखादा तासिका तत्त्वावरचा अध्यापक महिन्यातून दोनदा बोलावता येईल, आणि त्याला प्रवासखर्च व मानधन दिलेच पाहिजे. त्याच्या फुकट श्रमावर फुकट शिक्षण उभारायचे असेल, तर कंपन्यांत आणि मंडळात फरक तो काय राहिला?

मंडळ सहा ते आठ जणांचे असावे; वीस झाले की पुन्हा व्याख्यानच सुरू होते. आधी व्याख्यान आणि मग उदाहरण, हा क्रम उलटा करावा. उदाहरण आधी फळ्यावर मांडावे, पाऊण तास झटापट होऊ द्यावी आणि अडल्यावर व्याख्यान लावावे. अडलेल्या माणसाचे कान निराळे असतात. फळ्याशी उभा राहणारा दर खेपेस बदलावा. चुकलेले उत्तर लगेच पुसू नये, ते तसेच राहू द्यावे आणि कोठे वाट चुकली ते इतरांनी शोधावे.

उदाहरणे जगण्यातूनही घेता येतात. बचत गटांच्या आणि लघुवित्त कंपन्यांच्या कर्जाने ज्या वस्त्या वेढलेल्या आहेत, तेथे हा एकच प्रश्न फळ्यावर लिहून पाहावा : दहा हजारांचे कर्ज, व्याज ‘सरळ बारा टक्के’, म्हणजे वर्षाचे बाराशे रुपये; मुद्दल आणि व्याज बारा समान मासिक हप्त्यांत फेडायचे. खरा दर किती? पहिला म्हणेल, बारा टक्के, कागदावर लिहिलेच आहे. कोणीतरी बाई म्हणेल, पण सहाव्या महिन्यात तर निम्मे मुद्दल परत गेलेले असते, मग व्याज साऱ्या दहा हजारांवर का? येथून गणित सुरू होते. पहिल्या महिन्यात डोक्यावर दहा हजार, शेवटच्या महिन्यात ८३३; दर महिन्याला मुद्दल सारखेच कमी होते, म्हणून सरासरी काढायला पहिला आणि शेवटचा आकडा मिळवून निम्मे केले की पुरे. येतात सुमारे ५,४१७ रुपये. वर्षभर सरासरी इतकीच रक्कम वापरायला मिळाली आणि तिच्यावर बाराशे रुपये व्याज गेले, म्हणजे दर झाला सुमारे बावीस टक्के. मग सरासरीची ही युक्ती का चालते, असे कोणी विचारले की अंकगणिती श्रेढीचा धडा आपोआप उघडतो. आणि त्यानंतर लावलेले श्रेढीवरचे व्याख्यान कोणी जांभया देत ऐकत नाही.

भाषेची अडचण मोठी आहे आणि ती लपवून उपयोग नाही. बहुतेक चांगली व्याख्याने इंग्रजीत किंवा हिंदीत आहेत. शाळेत श्रेढी, विकलन, संकलन शिकलेल्या मुलाला महाविद्यालयात तेच शब्द परक्या वेषात भेटतात आणि ओळख पटत नाही. मंडळाने दोन्ही भाषांतले शब्द शेजारी शेजारी लिहिलेली एक वही ठेवावी. ती पुढच्या तुकडीला द्यावी. चर्चा मात्र मराठीत, आणि तीही जमलेल्यांच्या मराठीत व्हावी. चिनी मुले एकमेकांचे इंग्रजी सुधारीत होती, पण आपसांतल्या गप्पांना त्यांनी कधी प्रवेशपरीक्षा लावली नव्हती.

‘स्वयम्’ची सत्रे जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात. त्याआधी महिनाभर तयारी हवी : जवळच्या महाविद्यालयात स्थानिक केंद्र आहे काय आणि मार्गदर्शक म्हणून कोणाचे नाव लावले आहे याची चौकशी करणे, संघटनेच्या कार्यालयात फळा आणि एक बऱ्यापैकी पडदा लावणे, परीक्षा-शुल्क कोणाला झेपणार नाही त्यांची यादी करणे. बैठकीची वेळ ठरवताना आधी मुलींना आणि बायकांना विचारावे. घरातला एकुलता चांगला मोबाईल संध्याकाळी भावाच्या वा नवऱ्याच्या हाती असतो, आणि स्वयंपाकाची वेळ कोणत्याच वेळापत्रकात लिहिलेली नसते.